रिमांड होम, जामीन, निवारा आणि अठराव्या वर्षानंतरचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालक, बालगृहातून बाहेर पडणारी मुलंमुली, वस्तीतले कार्यकर्ते आणि रस्त्यावर राहणारी माणसं विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या व्यवस्थेपुरती आहेत. कायदे केंद्राचे असले, तरी कार्यालयं, त्यांची नावं आणि अडचणी इथल्याच आहेत.

आमच्या सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं आहे. आज काय करायचं?

आधी वयाचा पुरावा शोधा, वकील त्यानंतर. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला मान शाळेतल्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्राला आहे. ते नसेल, तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला चालतो. यातलं काहीच नसेल, तरच हाडांची तपासणी होते. आधार कार्ड या यादीत नाही. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून झेरॉक्स द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मुलगा अंगापिंडाने मोठा दिसतो, म्हणून कागदावर '१९ वर्षे' लिहिलं जातं. कधी मुलगाच तसं सांगतो, कारण कामावर लागताना त्याने तेच वय सांगितलेलं असतं. मग तो थेट सज्ञानांच्या कोर्टात आणि तिथून तुरुंगात जातो. असं झालं असेल तरी वेळ गेलेली नाही. घटनेच्या दिवशी आपण अठराच्या आत होतो, हा दावा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही करता येतो.

पोलीस ठाण्यात 'बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?' असं विचारा. हा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असतो आणि मुलाशी बोलताना त्याने साध्या कपड्यांत असायला हवं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठराखालच्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळापुढे, हजर करावं लागतं. 'मंडळ आज बसत नाही' हे कारण चालत नाही, कारण अशा दिवशी मंडळाच्या एका सदस्यापुढेही हजर करता येतं. गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा नसेल आणि सोबत सज्ञान आरोपी नसेल, तर नियमांप्रमाणे एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद करायची असते. हे बरेचदा पाळलं जात नाही, म्हणून नम्रपणे पण स्पष्ट विचारा.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. मुलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

जामिनाला किती पैसे लागतात?

कोणालाही द्यायचे नसतात. मुलाच्या बाबतीत जामीन हा नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र. नाकारण्याची कारणं तीनच आहेत. सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच फसेल. नाकारला तर मंडळाला कारण लेखी द्यावं लागतं. गुन्हा किती गंभीर आहे, हे कारण या यादीत नाही.

प्रत्यक्षात जामीन अडतो तो दोन ठिकाणी. एक, जामीनदार मिळत नाही. अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर मुलाला अटी बदलण्यासाठी पुन्हा मंडळापुढे आणायचं असतं. तसा अर्ज वकिलाकडून करून घ्या. दोन, तारखेला घरातलं कोणी येतच नाही. मजुरी बुडते, लाज वाटते, बाप रागावलेला असतो. मग मंडळाला 'ताब्यात घेणारं कोणी नाही' असंच दिसतं आणि मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, राहतो. आईवडील येऊ शकत नसतील, तर आजी, मामा, आत्या, थोरला भाऊ यांपैकी जो खरोखर सांभाळणार असेल त्याने ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जावं.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येणार आहेत. त्यांना काय सांगायचं?

खरं सांगायचं. त्यांचा सामाजिक तपास अहवाल पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत मंडळाकडे जायचा असतो आणि मुलाचं पुढे काय होणार हे बरंचसं त्या कागदावर ठरतं. घरात कोण केव्हा असतं, शाळा कधी सुटली आणि का सुटली, नशा आहे का, मारहाण होते का, कोणाचं ऐकतो, हातात काय कसब आहे, हे ते विचारतील. 'आमचा पोरगा एकदम चांगला' एवढंच सांगितलं, तर अहवालात लिहायला काही राहत नाही. 'दुपारी दोन ते सात घरी कोणी नसतं, तेव्हाच तो त्या पोरांत जातो' असं सांगितलं, तर त्या पाच तासांचा काहीतरी बंदोबस्त सुचवता येतो.

हा अहवाल गोपनीय असतो. वस्तीत घर सापडायला अवघड असेल, तर मंदिर, नळ, अंगणवाडी अशी खूण आणि चालू असलेला फोन नंबर आधीच द्या. 'पत्त्यावर कोणी आढळले नाही' हा शेरा नंतर पुसायला फार वेळ जातो.

डायव्हर्जन म्हणजे समज देऊन सोडून देणंच ना?

नाही, आणि हा गैरसमज मुलांना महागात पडतो. कोर्टकचेरी आणि कोंडून ठेवणं यांच्याऐवजी मुलाला दुसऱ्या वाटेला लावणं म्हणजे डायव्हर्जन. त्या वाटेवर सोबतीला माणूस लागतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ खाली मंडळाकडे बरेच पर्याय आहेत : समज आणि पालकांचं समुपदेशन, गट समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांकडे किंवा योग्य व्यक्तीकडे सोपवणं, योग्य संस्थेत ठेवणं आणि शेवटी विशेष गृह. हमी किंवा विशेष गृह, दोन्हींची कमाल मुदत तीन वर्षं. याच्या जोडीला शाळा, धंदेशिक्षण किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जाण्याचा आदेशही देता येतो.

समाजसेवा फक्त चौदा वर्षांवरील मुलांसाठी आहे. बागेची देखभाल, वृद्धांना मदत, रुग्णालयात हातभार, वाहतूक स्वयंसेवक अशी कामं नियमांतच दिली आहेत. आदेशात चार गोष्टी लिहून घ्या : ठिकाण, एकूण तास, कोणत्या वेळेत, आणि हजेरीवर सही कोण करणार. यातलं चौथं राहिलं की गाडी अडते. सही करणारा बदलून जातो, नवीन माणसाला काही माहीत नसतं, मुलगा चार वेळा जाऊन परत येतो आणि कागदावर 'गैरहजर' होतो. बसभाड्याचंही तेच. रोज चाळीस रुपये खर्चून फुकट काम करायला जाणं गरीब घराला परवडत नाही. ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर मागा. वेळ शाळेच्या किंवा कामाच्या आड येत असेल, तर पहिल्याच दिवशी मंडळाला सांगा.

काम कसलं दिलं आहे, याकडेही लक्ष द्या. शिक्षा म्हणून संडास साफ करायला लावलं, तर त्यातून मुलगा फक्त अपमान शिकतो. दुचाकी खोलण्याजोडण्याची आवड असलेल्या पोराला गॅरेजच्या धंदेशिक्षणाला लावलं, तर तो टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त.

प्रकरण किती दिवस चालतं?

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, कारण नोंदवून आणखी दोन महिने मिळतात. किरकोळ गुन्ह्यात, म्हणजे कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तिथे, तेवढ्यातही चौकशी संपली नाही तर प्रकरण बंद व्हायला हवं. ते आपोआप होईल या भरवशावर राहू नका. कलम १४ चा उल्लेख करून वकिलामार्फत अर्ज द्या. तोवर एकही तारीख चुकवू नका.

पुढे नोकरीच्या अर्जात हे लिहावं लागतं का?

बाल न्याय मंडळात निकाली निघालेल्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात सज्ञानासारखा खटला चालून तो दोषी ठरला असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद वर येते आणि मुलं घाबरतात. म्हणून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढून घरी जपून ठेवा. ती मालकाला दाखवायची नसते. पडताळणीत अडचण आली, तरच वकिलामार्फत वापरायची.

वय एकोणीस आहे, पहिलाच गुन्हा. त्याच्यासाठी काहीच नाही का?

आहे. पण वकील मागत नाहीत, म्हणून मिळत नाही. परिविक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ६ प्रमाणे, जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहायला हवा आणि तुरुंगच का, हे लेखी द्यायला हवं. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रताही लागत नाही. दोष सिद्ध झाल्याबरोबर, शिक्षा सुनावण्याआधी हा अर्ज तोंडी तरी करायलाच हवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत 'समाजसेवा' ही शिक्षा आली आहे. पाच हजार रुपयांखालची पहिली चोरी आणि वस्तू किंवा किंमत परत, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, असे मोजकेच गुन्हे त्यात बसतात. ती दोष सिद्ध झाल्यावरची शिक्षा आहे. मुलांच्या बाबतीतल्या समाजसेवेशी तिची गल्लत करू नका.

पैशाअभावी तुरुंगात अडकलेल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे. त्यात जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज तुरुंग अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत जातो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या माणसांबरोबर काम करतो आहे. अशा संस्थांचे सामाजिक कार्यकर्ते ज्या तुरुंगात जातात, तिथे हे कागद लवकर हलतात.

नशेच्या प्रकरणात उपचाराचा मार्ग असतो का?

अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ मध्ये असतो. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले की हे संरक्षण जातं. अल्प मात्रा म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत, एमडी (मेफेड्रोन) दोन ग्रॅमपर्यंत. त्यापुढे हा मार्ग बंद. केंद्र मान्यताप्राप्त आहे का, हे दाखल होण्याआधी तपासा. खासगी केंद्रात महिने काढून प्रमाणपत्र कोर्टात चाललं नाही, तर सगळं पाण्यात जातं. माहितीसाठी १४४४६ वर फोन करा.

बालगृहातली मुलगी सहा महिन्यांत अठरा पूर्ण करते आहे. काय तयारी करायची?

सहा महिने तसे उशीराच. सोळाव्या वर्षापासून वैयक्तिक काळजी आराखड्यात हे यायला हवं. तरीही आजपासून लागा.

पहिलं काम आधारचं. बालगृहातल्या बहुतेक मुलांच्या आधारला अधीक्षकांचा किंवा लिपिकाचा मोबाईल नंबर जोडलेला असतो. मुलगी बाहेर पडल्यावर प्रत्येक ओटीपी त्या फोनवर जातो आणि तिचं बँक, शिष्यवृत्ती, गॅस, सगळं तिथेच अडतं. तिच्या नावावर सिम घेतलं की आधी तो नंबर बदला, बोटांचे ठसे अद्ययावत करा.

दुसरं, बँक खातं. ते अज्ञान म्हणून अधीक्षकांसोबत संयुक्त असतं. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून ते तिच्या एकटीच्या नावावर करावं लागतं, नाहीतर व्यवहार थांबतात. मुदत ठेव असेल, तर तिची पावती कुणाकडे आहे ते विचारून ठेवा.

तिसरं, अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र हातात नसेल तर त्याचा उपयोग नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून जातो. मुलगी संस्थेत आहे तोवर बाल कल्याण समितीचे आदेश आणि प्रवेश नोंदी एका फायलीत असतात. बाहेर पडून दोन वर्षांनी त्या शोधणं म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे खेटे. समितीच्या सगळ्या आदेशांच्या प्रती, शाळेचे दाखले, लसीकरण आणि औषधोपचाराची कागदपत्रं, पॅन, अधिवास दाखला, सगळ्याचे दोन संच करा. एक तिच्याकडे, एक विश्वासातल्या माणसाकडे.

चौथं, राहणं. कायद्यात अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरची मदत, अठरा ते एकवीस वयासाठी आहे, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येते. शासकीय किंवा संस्थेचं अनुरक्षण गृह, नाहीतर मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून दरमहा ४,००० रुपये, असे मार्ग आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज वाढदिवसाच्या किमान तीन महिने आधी द्या आणि पोच घ्या. पैसे लगेच सुरू होतील असं धरू नका. पहिल्या तीन महिन्यांचा खर्च दुसरीकडून उभा करून ठेवलेला बरा.

एक सूचना काळजीची. अठरा पूर्ण होताना अचानक कुणी नातेवाईक पुढे येतो आणि 'घरी पुनर्स्थापना' अशी नोंद होऊन प्रश्न मिटल्यासारखा दिसतो. मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ कधी कधी पुढच्याच लग्नसराईत लग्न असा असतो. मुलीला एकटीला बसवून विचारा.

आई एकटी सांभाळते आहे. मुलाला संस्थेत टाकावंच लागेल का?

नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मूल घरीच ठेवून दरमहा २,२५० रुपये मिळतात. एक पालक गमावलेल्या मुलांनाही ती लागू होते. गरिबी हे एकमेव कारण असेल, तर संस्था हा शेवटचा पर्याय मानायला हवा.

चार मुलं मिळून खोली घ्यायची आहे. करार कसा करायचा?

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि त्यात चौघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर केला आणि तो गावी गेला, की उरलेल्या तिघांना मालक बाहेर काढतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. ऑनलाइन नोंदणी होते, आधारचा अंगठा लागतो. मोबाईल नंबरचं प्रकरण आधी मिटवायला का सांगितलं, ते इथेही कळतं.

हिशोब असा : भाडं बारा हजार असेल, तर प्रत्येकी तीन हजार. तीन महिन्यांची अनामत म्हटली, तर छत्तीस हजार, म्हणजे प्रत्येकी नऊ हजार. अनुरक्षणाच्या मासिक मदतीतून भाडं निघतं, अनामत निघत नाही. देणगीदार मिळाला तर त्याला अनामतच मागा आणि ती परत येईल तेव्हा पुढच्या मुलांसाठी फिरवा. अनामत रोख देऊ नका, खात्यातून द्या.

आज रात्री झोपायला जागा नाही. कुठे जायचं?

अठराखालील मूल असेल तर १०९८ वर फोन करा. त्याला प्रौढांच्या निवाऱ्यात नेऊ नका. बाईला मारहाणीमुळे घर सोडावं लागलं असेल, तर १८१ किंवा जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढची सोय शक्ती सदन किंवा राज्यगृहात. ज्येष्ठांसाठी १४५६७. एकट्या प्रौढांसाठी महापालिकेचं बेघर निवारा केंद्र. पत्ता प्रभाग कार्यालयात मिळतो, रात्री ११२ वरून विचारता येतं.

बेघर निवाऱ्यांचे निकष चांगले आहेत : शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे शंभर जणांचा बारमाही निवारा, माणशी पन्नास चौरस फूट, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही.

निवाऱ्यात लोक का टिकत नाहीत, याची कारणं साधी आहेत. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपू देत नाहीत. बोचकं ठेवायला कुलूप नसतं. आणि निवारा कामाच्या नाक्यापासून लांब असतो. सकाळी सहाला नाक्यावर उभं राहिलं नाही, तर त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून माणूस फूटपाथ पसंत करतो. त्याला 'ऐकत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

पत्ता नाही, तर आधार आणि मतदार कार्ड कसं काढायचं?

मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात, फोटो लावून दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. ते तीन महिनेच वैध असतं, म्हणून केंद्राची वेळ आधी घ्या, मग सही घ्या. मतदार नोंदणीसाठी नमुना ६ भरताना तुम्ही जिथे झोपता ती जागा लिहा. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन पाहून जातो, त्या रात्री तिथेच असा.

रस्त्यावर मानसिक आजारी व्यक्ती भटकते आहे. पोलीस म्हणतात, आमचं काम नाही.

त्यांचंच काम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल, तर घरच्यांचा शोध घेण्यासाठी हरवल्याची नोंदही करायची असते. तपासणी जिल्हा रुग्णालयात होऊ शकते, त्यासाठी थेट ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयापर्यंत जाण्याची गरज नसते. बरं झाल्यावर 'घरचे नेत नाहीत' म्हणून रुग्णालयातच ठेवणं कलम १९ च्या विरुद्ध आहे. अशांसाठी हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधलं निवासस्थान) किंवा गटनिवासाची सोय करणं सरकारवर बंधनकारक आहे.

भीक मागताना पकडलं, तर?

महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची मुख्य कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात पाठवता येतं. मात्र कोर्टाची खात्री पटली, तर समज देऊन बंधपत्रावर सोडता येतं. म्हणून कोर्टात कोणीतरी हजर राहून 'हा माणूस उद्या कुठे राहणार, काय काम करणार' हे सांगायला हवं. फुगे, गजरे विकणाऱ्यांनाही यात ओढलं जातं. माल आणि खरेदीची पावती जवळ असेल, तर ती दाखवा.

तृतीयपंथी तरुणाला घरातून काढलं आहे.

२०१९ च्या कायद्याप्रमाणे त्याला घरात राहण्याचा हक्क आहे, पण मारहाण असेल तिथे परत पाठवण्याचा आग्रह धरू नका. तृतीयपंथीयांसाठीच्या गरिमा गृहात राहणं, जेवण आणि कौशल्य प्रशिक्षण मिळतं. वय अठराखाली असेल, तर बाल कल्याण समितीमार्फतच जा.

आम्ही एका मुलाची मदत केली. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला तर चालेल?

नाही. नाव, शाळा, पत्ता, चेहरा, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डोळ्यांवर काळी पट्टी लावून वस्तीचं नाव दिलं, तरी ओळख पटतेच. टाकला असेल तर आत्ताच काढा आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांनाही काढायला सांगा.